शेतावर हरणं पाहण्यासाठी लपण: जागा, वारा आणि तासन्‌तास बसता येईल अशी बैठक

नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० साली जाहीर झालं. क्षेत्रफळ जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत काळविटांचे कळप बारा महिने थांबून राहत नाहीत. ते हद्द ओलांडून ज्वारी-हरभऱ्याच्या रानात उतरतात, पडीक माळावर रवंथ करत बसतात, उन्हाळ्यात मिळेल त्या पाण्यावर येतात. सोलापूरकडे नान्नजच्या आसपास, वाशीमकडे कारंजा-सोहोळच्या परिसरात हेच दिसतं. बारामती तालुक्यात सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याभोवती चिंकाराही असाच खाजगी माळांवर फिरतो. या पट्ट्यात तुमची थोडीफार मुरमाड, पडीक जमीन असेल, तर हरणं तुमच्याकडे येतच असणार. ती जवळून, न बिचकता, त्यांच्या रोजच्या वागण्यात पाहायची असतील तर लपण, म्हणजे आडून बघत बसायची झाकलेली जागा, बांधावं.

लपण बांधायची विद्या मुळात शिकाऱ्यांची. आपल्याकडे काळविटाची शिकार राजेरजवाड्यांच्या खास आवडीची होती. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते गाडीतून माळावर नेऊन कळपावर सोडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते सगळं थांबलं, आणि थांबलं हे फार चांगलं झालं. पण वारा ओळखणं, उजेड सांभाळणं, न हलता बसणं हा त्या विद्येतला भाग दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन बसणाऱ्यालाही तितकाच लागतो. माझ्या मते लपणाची खरी परीक्षा एकच: त्यात माणूस तीन-चार तास चुळबुळ न करता बसू शकतो का? पाठ अवघडली, पायाला मुंग्या आल्या, घामानं जीव नकोसा झाला की माणूस हलतो, आणि हललेला माणूस हरणाला कसल्याही कुडाआडून कळतो. म्हणून आरामाचा विचार पहिल्या दिवसापासून करायचा.

कायद्याची एक बाब मात्र फावडं हाती घेण्याआधी समजून घ्या. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत जनावराला आमिष दाखवणं आणि हाकून आणणं हेही येतं. लपणासमोर हरणं यावीत म्हणून मीठ, पेंड, हिरवा चारा किंवा धान्य टाकू नका. हरणं जिथं आपण होऊन येतात तिथं आपण जाऊन बसायचं. जमीन तुमची असली तरी काम सुरू करण्याआधी त्या भागातल्या वनरक्षकाला सांगून ठेवा. अभयारण्याला लागून असेल तर वनक्षेत्रपालांकडे विचारणा करूनच पुढे जा. शेजारच्या शेतकऱ्यांना आणि पोलीस पाटलांनाही कल्पना द्या. माळावर अचानक खड्डा आणि कूड दिसला तर गावाला शंका येणं साहजिक आहे, आणि ज्यांना त्याचा उपयोग माहीत आहे तेच पुढे त्यावर नजर ठेवतात.

आधी नुसतं पाहा

बांधायची घाई करू नका. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं की दुर्बीण घेऊन दूरच्या बांधावर बसा. ८ × ४२ ची साधी दुर्बीण पुरते. कळप सकाळी कुठून येतो, दुपारी कुठं बसतो, बांधाच्या कोणत्या खिंडीतून पलीकडे जातो, हे काही आठवडे टिपत राहा. काळविटांना कुंपण ओलांडून उडी मारण्यापेक्षा तारेखालून निघणं पसंत असतं, त्यामुळे त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. जमिनीवर टोकदार जोडखुरांचे ठसे दिसतील. नर एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. असा लेंड्यांचा पसरट ढीग म्हणजे त्यानं आखलेल्या हद्दीची खूण. तो ढीग ताजा असेल तर नर रोज तिथं येतोय असं समजा.

लपणाची जागा अशा वाटेपासून किंवा पाण्यापासून ८० ते १०० फुटांवर धरा. वाटेच्या अगदी तोंडाशी नको. पाण्यावर आलेल्या कळपाला पळायला मोकळा माळ लागतो. तुमचं लपण पाणी आणि त्या माळाच्या मधे आलं तर कळप ती जागाच सोडून देईल. उंच गवतात एकटं पडलेलं पाडस दिसलं तर हात लावू नका, उचलून घरी आणणं तर दूरच. माद्या पहिले काही दिवस पाडसाला असंच दडवून चरायला जातात. त्या जागेच्या आसपास लपणाचं काम पुढे ढकला.

ताडोबा-मेळघाटात बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढलेल्या वाचकांना प्रश्न पडेल की मचाणच का नको. जंगलात मचाण झाडीत मिसळून जातं. माळावर झाडच नसतं. तिथं राखणीच्या माळ्यासारखं काही उभं केलं तर ते कोसभरावरून आकाशात उठून दिसतं, आणि काळविटाची नजर फार तीक्ष्ण. माळावर लपण जमिनीत उतरलेलंच हवं.

वारा आणि सूर्य

दख्खनच्या माळावर उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून. लपण पाण्याच्या दक्षिणेला बांधून खिडकी उत्तरेकडे ठेवली तर दोन्ही ऋतूंत तुमचा वास पाण्याकडे न जाता बाजूला वाहून जातो. त्यातच दुसरा मोठा फायदा म्हणजे सूर्य डोळ्यांत येत नाही; सकाळी उजवीकडून आणि संध्याकाळी डावीकडून तिरपा उजेड हरणांच्या अंगावर पडतो, फोटोसाठी याहून चांगला उजेड नाही. पूर्व-पश्चिम तोंड करून बांधलेलं लपण अर्धा दिवस निकामी होतं.

तरी तुमच्या जमिनीचा चढ-उतार वारा वळवतो. रुईची बोंडं फुटली की आतली म्हातारी जवळ ठेवा आणि ठरवलेल्या जागी गुडघ्याच्या उंचीवर बसून एकेक सोडून बघा. पहाटे, दहा वाजता, चार वाजता. ती पाण्याकडे तरंगत गेली तर जागा बदला, मग ती कितीही सोयीची असो.

खड्डा

जमीन मुरमाड असेल तरच खड्डा घ्या. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात खड्ड्याचं डबकं होतं. काळ्या रानात खड्ड्याचा हट्ट सोडून मुरूम आणून वीतभर ओटा करा आणि खुर्चीऐवजी बुटक्या स्टुलावर बसायची तयारी ठेवा.

मुरमात खणायला नोव्हेंबर चांगला. परतीच्या पावसाची ओल असते, टिकाव लागतो. दोघांसाठी आतून ७ फूट रुंद, ६ फूट लांब अशी फक्कीनं आखणी करा. खोली २ फूट. निघालेला मुरूम समोर आणि दोन्ही बाजूंना उतरता पसरा, पण समोर त्याची उंची फूटभराहून जास्त नको, नाहीतर पुढे नजरेच्या आड येईल. त्या उतारावर आजूबाजूच्याच गवताची सडं लावा. पवन्या, मारवेल, कुसळी, जे तुमच्या माळावर उगवतं तेच. पुढच्या पावसाळ्यात ते धरतं आणि लपण माळाचा भाग होऊन जातं.

तळाला मागच्या एका कोपऱ्याकडे किंचित उतार द्या आणि त्या कोपऱ्यात हातभर खोल शोषखड्डा घेऊन दगडगोट्यांनी भरा. चढाच्या बाजूनं वाहून येणारं पाणी वळवायला बाहेरून चर काढा. तळ धुमसानं चोपून घट्ट करा आणि वर गोठ्यात अंथरतात तसली रबरी मॅट टाका. खडी अजिबात नको. पाय जरा सरकवला तरी करकरते. कडा ढासळायची भीती वाटत असेल तर खताच्या रिकाम्या गोण्यांत मुरूम भरून आतून रचा. जमिनीखाली ऊन लागत नसल्यानं त्या बरीच वर्षं टिकतात.

सांगाडा आणि छप्पर

तुरीची काढणी झाली की तुराट्या मिळतात, ऊस तुटला की पाचट मिळतं. त्यामुळे वरचं काम जानेवारीत काढा. सहा खांब लागतील: चार कोपऱ्यांना, दोन मधे. बाभूळ किंवा कडुलिंबाची डेळकी उत्तम, बांबूही चालतो. जमिनीत जाणारा भाग जरा भाजून त्यावर डांबर चोपडा, वाळवी लांब राहते. दोन फूट पुरा. जमिनीवर छपराची उंची समोर साडेतीन फूट आणि मागे तीन. आतून उभं राहताना वाकावं लागेल, पण बाहेरून लपण बुटकं दिसणं महत्त्वाचं. छपराचा उतार मागे दक्षिणेकडे. बांधायला काथ्या वापरा. बायंडिंग तार वापरली तर टोकं आतल्या लाकडात वाकवून टाका, बाहेर चमकता कामा नयेत.

छपरासाठी बांबूच्या वाशांवर तुराट्यांची ताटी, त्यावर शेततळ्याचा काळा कागद ताणून, आणि त्यावर वीतभर जाड पाचट. वरून काथ्याचं जाळं आवळून घ्या. निळी ताडपत्री कुठूनही डोकावू देऊ नका. हरणांना तांबडा-केशरी फिका दिसतो, पण निळा ठसठशीत दिसतो. पत्राही टाळा. एप्रिलमध्ये तो भट्टीसारखा तापतो, शिवाय त्यावर चिमणी उतरली तरी आवाज होतो. वळवाचा वारा छप्पर उचलून नेतो, म्हणून चारही कोपऱ्यांना तारेनं बांधलेला मोठा दगड जमिनीत गाडा.

भिंती तुराट्यांच्या कुडाच्या. आतून शेणामातीनं लिंपा, बाहेरून तशाच ठेवून गवताच्या पेंढ्या खोचा. मागच्या भिंतीला आतून जुनी काळी घोंगडी टांगा. याचा फायदा पहिल्याच दिवशी कळेल: घोंगडी उजेड शोषते, आवाज शोषते आणि तिच्यापुढे बसलेला माणूस बाहेरून उमटत नाही. मागून उजेड येणाऱ्या लपणात तुमची सावलीच खिडकीत चित्रासारखी उभी राहते, मग समोर कितीही जाळ्या लावा.

दार मागच्या बाजूला, पूर्वेच्या कोपऱ्यात. पश्चिमेकडून पावसाचा झोत येतो. दारापर्यंत येणारी शेवटची पन्नास-साठ फुटांची वाट तुराट्यांच्या कुडानं झाका आणि कडेला शेवरी किंवा निवडुंग लावा. बरीच लपणं आतून चांगली असतात आणि या वाटेवर फसतात.

खिडक्या

खिडकी कापण्याआधी खुर्ची आत ठेवून बसा. दुसऱ्याला पाण्याजवळ उभं करा. तुमचे डोळे तळापासून साधारण ४४ ते ४६ इंचांवर येतील, म्हणजे बाहेरच्या जमिनीपासून २० ते २२ इंचांवर. काळविटाची खांद्यापाशी उंची अडीच फुटांच्या आसपास असते, त्यामुळे या उंचीवरून ते वरून खाली पाहिल्यासारखं दिसत नाही, त्याच्या माळावर त्याच्याबरोबर बसल्यासारखं दिसतं. माझ्या दृष्टीनं खड्ड्याचा सगळा खटाटोप याच एका गोष्टीसाठी सार्थकी लागतो.

डोळ्यांसाठी उत्तर भिंतीत चार इंच उंचीची आडवी फट, भिंतभर. तिच्या खाली कॅमेऱ्याच्या भिंगासाठी १० × ८ इंचांची चौकट, माणशी एक. चौकटीला काळ्या सुती कापडाची बाही शिवा आणि भिंग त्यातून बाहेर काढा. भिंग फिरलं तरी बाहेरून फक्त कापड हलकेच सरकतं. फटीवर खाकी रंगाची विरळ जाळी सोडा. हिरवी शेडनेट पिवळ्या माळावर उठून दिसते. तिवईपेक्षा फटीखाली फळी ठोकून त्यावर वाळूची पिशवी ठेवणं सुटसुटीत. पिशवीत ज्वारी किंवा हरभरा भरू नका. धान्याला उंदीर येतात आणि उंदरामागं घोणस.

बैठक

खुर्चीला पाठ हवी, हात हवेत, आणि ती कुरकुरता कामा नये. घडीच्या लोखंडी खुर्च्या आणि स्वस्त प्लास्टिकच्या खुर्च्या अंग हलवलं की बोलतात. साधी लाकडी खुर्ची, पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे, बसायला जाड उशी. मांड्या जमिनीला समांतर राहतील अशी उंची धरा. गुडघे वर आले तर कंबर दुखायला लागते. पाय लांब करायला समोर दोन फूट जागा मोकळी ठेवा. वयस्कर माणसं बसणार असतील तर पायाखाली लाकडी पाट द्या.

उन्हाळा हा खरा शत्रू. नगर-सोलापूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि हरणं पाण्यावर येण्याचा काळही तोच. मागच्या वळचणीखाली तीन-चार इंचांची फट ठेवा म्हणजे गरम हवा निघून जाईल. उजेड आत येऊ नये म्हणून तिच्यापुढे वळचण खाली ओढा. पश्चिमेच्या कुडाला आतून गोणपाट लावून ओलं केलं की दुपार सुसह्य होते. खड्डा मुळातच गार असतो. प्यायला माठ, आणि माठावरचं झाकण लाकडी. थंडीतल्या पहाटेसाठी आणखी एक घोंगडी.

खायला दशमी, गूळ-शेंगदाणे, केळी. सगळं सुती फडक्यात बांधून आणा. चुरचुरणारी पाकिटं घरी ठेवा. विडी, तंबाखू, डासांची कॉइल, अगरबत्ती, अत्तर यातलं काही नको. डासांना पूर्ण बाह्यांचे मातकट कपडे पुरतात. लघवीची सोय आतच हवी, नाहीतर माणूस पाणी पिणं टाळतो आणि उन्हात चक्कर येते. मागच्या कोपऱ्यात घोंगडीचा आडोसा, झाकणाची बादली आणि टोपलीभर कोरडी माती एवढं पुरे. बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना या एका सोयीमुळे बसणं शक्य होतं.

मुरमाड माळावर फुरसं आणि विंचू नेहमीचे. आत शिरण्याआधी प्रत्येक वेळी बॅटरीच्या उजेडात काठीनं कोपरे, खुर्चीखाली, घोंगडीची घडी तपासा. पायात बंद बूट. साप चावलाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ घालवू नका. अंग न हलवता १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात जा. सर्वांत जवळचं असं रुग्णालय कोणतं, हे आधीच विचारून ठेवा.

लपण जुनं होऊ द्या

काम संपलं की दोन-तीन आठवडे तिकडे फिरकू नका. भिंगाच्या बाहीत काळ्या पाइपाचा तुकडा घालून ठेवा म्हणजे पुढे खरं भिंग आलं तरी हरणांना त्यात नवीन काही वाटणार नाही. पहिल्यांदा टिटव्या येऊन ओरडतील, मग चंडोल कुडावर बसायला लागेल, कापशी घार छपराच्या टोकाचा टेहळणीसाठी वापर करेल. पक्षी सरावले की हरणंही सरावतात.

बसायला पहाटे उजाडण्याआधी तासभर आत जा. फोन बंद, कॅमेऱ्याचा आवाज बंद, पडद्याचा उजेड मंद. कळप येतो तेव्हा बहुधा माद्या पुढे असतात. सगळ्या माना एकदम वर होऊन एकाच दिशेला वळल्या की समजा काहीतरी खटकलंय. श्वासही हळू घ्या आणि भिंग आहे तिथंच राहू द्या. एखादी मादी उंच उड्या घेत निघाली तर बाकीचा कळप मागोमाग जातो. नराच्या मानेवर काळा रंग गडद चढलेला असेल, नाक वर करून शिंगं पाठीला लावून तो माद्यांभोवती चालत असेल, तर तासभर त्याच्यावरून नजर हलवू नका. असं जवळून बघायला मिळणं हे भाग्य आहे.

कळप पूर्ण नजरेआड झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, मग ऊन कितीही चढो. एकदा कळपानं तुम्हाला लपणातून निघताना पाहिलं की तो कूड त्यांच्यासाठी माणूस होतो. रोज बसू नका, मधे खाडे ठेवा. आणि जागेचा नकाशा किंवा ठावठिकाणा फोटोबरोबर कुठंही टाकू नका. चोरटी शिकार आजही होते.

पाण्याची जबाबदारी

ज्या पाण्यावर तुम्ही बसता ते हरणांसाठी सुरक्षित करणं हे लपण बांधण्याच्या आधीचं काम आहे. शेततळ्याच्या कागदावर खूर घसरतात आणि आत पडलेलं हरीण वर येऊ शकत नाही. तळ्याला कुंपण घाला आणि तरीही एका कोपऱ्यात जुन्या टायरांची माळ किंवा जाड दोराची जाळी काठापासून तळापर्यंत सोडा. उघड्या विहिरीला कठडा बांधा. जुना पाणवठा दुरुस्त करत असाल तर तो परातीसारखा पसरट ठेवा: मधे वीतभर खोल, कडा उतरत्या, म्हणजे पाडस, ससा, खोकड, पखुर्डी सगळ्यांना उतरता येतं. एकदा उन्हाळ्यात पाणी ठेवायला सुरुवात केली की पाऊस पडेपर्यंत ते आटू देऊ नका.

फेब्रुवारीपासून वणव्याचा धोका. लपणाभोवती दहा फुटांची पट्टी गवत कापून मोकळी करा, पण समोरच्या बाजूला ती हळूहळू, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं, विळ्यानं काढा. पाचटाच्या छपराखाली स्टोव्ह, मेणबत्ती, काडी काहीही पेटवायचं नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की घोंगड्या, बाह्या, उश्या, खुर्च्या घरी आणा, मॅट गुंडाळा, चर आणि शोषखड्डा साफ करा. पावसाळ्यात माळावर जागोजागी पाणी असतं, हरणं पांगतात, लपणाला सुट्टी. दिवाळीनंतर खांब हलवून वाळवी बघा, कुडातल्या मोडलेल्या तुराट्या बदला आणि जुनं पाचट काढून नवं चढवा.